वारशाचे शस्त्र आणि कायद्याचा कागद

(शस्त्रपूजनानिमित्त झालेल्या कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)

खंडेनवमीच्या दिवशी महाराष्ट्रातील अनेक घरांत देवघरासमोर पाट मांडला जातो. त्यावर विळी, कोयता, पहार, लेखणी अशी रोजच्या कष्टाची साधने ठेवून त्यांना हळद-कुंकू वाहिले जाते. काही घरांत मात्र त्या पाटावर आणखी एक वस्तू येते. माळ्यावरच्या लाकडी पेटीतून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली ती वस्तू वर्षातून एकदाच बाहेर निघते. ती पणजोबांची ठासणीची बंदूक असते. तिची नळी गंजलेली असते, दस्त्यावरची पितळी फुले झिजलेली असतात. घरातील वृद्ध तिला झेंडूचे फूल वाहतात, लहान मुले कुतूहलाने तिच्या चापाला बोट लावून पाहतात आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माळ्यावर जाते.

त्या घरातील एखाद्या महाविद्यालयीन मुलाने सहज विचारले की, ‘आजोबा, हिचा परवाना कोठे आहे?’, तर बहुधा उत्तर मिळत नाही. कोणी म्हणतो, ‘संस्थानच्या काळातला कागद होता, वाळवीने खाल्ला.’ कोणी म्हणतो, ‘एवढ्या जुन्या बंदुकीला कसला परवाना?’ आणि कोणी हळूच सुचवतो, ‘नको ती ब्याद, विहिरीत टाकून द्या.’ पूर्वजांचा अभिमान, कायद्याविषयीचे अज्ञान आणि पोलिसांचे भय या तिन्ही गोष्टी एकाच पेटीत बंद झालेल्या असतात. ती पेटी उघडून पाहण्याची आज आवश्यकता आहे.

भयाचे मूळ कोठे आहे?

शस्त्र आणि सामान्य नागरिक यांच्यामध्ये परवान्याची भिंत उभी राहिली ती परकीय सत्तेच्या काळात. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रजांनी देशातील प्रजेला निःशस्त्र करण्याचे धोरण पद्धतशीरपणे राबवले. १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत भारतीय शस्त्र कायदा संमत झाला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. एका हाताने लेखणी आणि दुसऱ्या हाताने शस्त्र काढून घेण्याचा तो प्रयत्न होता. त्या शस्त्र कायद्याखालील नियमांत युरोपीय मंडळींना परवान्यातून सूट होती. या भूमीच्या पुत्राला मात्र स्वतःच्या घरातील शस्त्रासाठी कलेक्टरच्या दारी उभे राहावे लागे. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, याच महाराष्ट्रात वासुदेव बळवंत फडके यांनी सशस्त्र उठाव केला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळाची धग कळते.

त्या कायद्याचा अपमान राष्ट्रीय चळवळीला बोचत राहिला. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख होता. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी हाच हक्क राज्यघटनेत समाविष्ट करण्यासाठी दुरुस्ती सुचवली. ती स्वीकारली गेली नाही. स्वतंत्र भारताने शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क न मानता कायद्याने नियंत्रित होणारी बाब मानली. १९५९ चा शस्त्र अधिनियम त्याच भूमिकेतून आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. १८७८ चा कायदा प्रजेवरील अविश्वासातून आला होता, तर १९५९ चा कायदा जनतेने निवडलेल्या संसदेने केला. पहिला चुकवणे हे त्या काळी देशभक्तीचे लक्षण ठरले असेल, पण दुसरा चुकवणे हे तसे लक्षण ठरू शकत नाही. पेटीतील बंदूक तीच असली, तरी तिच्यावर पहारा ठेवणारे राज्य आता आपलेच आहे.

जुनी म्हणजे मोकळी नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज हा की, शस्त्र जुने झाले म्हणजे कायद्यातून सुटले. अधिनियमाच्या ४५ व्या कलमात काही वस्तूंना कायदा लागू नाही, असे म्हटले आहे. त्यात कालबाह्य बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके शस्त्र येते. परंतु त्याला एक अट जोडलेली आहे. ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. ‘दुरुस्ती करून’ या दोन शब्दांत सारा अर्थ साठवलेला आहे. चाप तुटला आहे, घोडा अडकला आहे, नळी गंजली आहे, एवढ्याने ते शस्त्र मोकळे होत नाही. कुशल कारागीर दोन दिवसांत ते चालू करू शकत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते अग्निशस्त्रच आहे.

तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकाला लागते आणि बार उडतो. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते. टोपीच्या बंदुकीत घोडा तांब्याच्या टोपीवर आदळतो. यंत्र जितके साधे, तितके ते दुरुस्त करणेही सोपे. म्हणूनच दोनशे वर्षांपूर्वीची ठासणीची बंदूक निव्वळ वयामुळे निरुपद्रवी ठरत नाही. कोकणातील अनेक शेतकऱ्यांकडे रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असतात. अधिनियमाच्या १३ व्या कलमातही पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. जे शस्त्र आजही शेताच्या बांधावर कामाला येते, ते केवळ जुन्या पद्धतीचे आहे म्हणून कायद्याने दुर्लक्षावे, अशी अपेक्षा करता येत नाही.

२०१६ आणि त्यानंतर

१९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या शस्त्र नियमांनी घेतली. त्यानंतर दोन महत्त्वाचे बदल झाले आणि वारशाची शस्त्रे असलेल्या प्रत्येक कुटुंबाशी त्या दोहोंचा संबंध आहे.

पहिला बदल डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीचा. पूर्वी एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे बाळगता येत. मूळ विधेयकात ही संख्या एकवर आणण्याचा प्रस्ताव होता. संसदेत अखेरीस ती दोन ठरली. दोनहून अधिक शस्त्रे असणाऱ्यांनी जादा शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे होते. वारसा म्हणून परवाना देतानाही दोनची मर्यादा ओलांडता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली आणि शिक्षाही कडक केल्या. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास आता किमान दोन आणि कमाल पाच वर्षांचा कारावास व दंड आहे. बेकायदा विक्रीला किमान सात वर्षे, आणि ती शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. खंडेनवमीला फूल वाहणाऱ्या आजोबांना हे आकडे ठाऊक नसतात, पण ठाऊक नसणे हा न्यायालयात बचाव ठरत नाही.

दुसरा बदल दिलासा देणारा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार ‘क्युरिओ’ म्हणजे केवळ कुतूहलाची, संग्रहाची वस्तू या वर्गात मोडणारी लहान शस्त्रे मिळवण्यासाठी व बाळगण्यासाठी भारतीय नागरिकांना परवान्याची आवश्यकता राहिली नाही. मात्र ती वापरणे, बरोबर घेऊन फिरणे किंवा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे यासाठी योग्य परवाना लागतो. परवान्यावर त्या शस्त्राची नोंद असल्याशिवाय त्यासाठी दारूगोळा विकला जात नाही. थोडक्यात, भिंतीवरची वस्तू भिंतीवर राहील तोवर सवलत आहे. तीच वस्तू मिरवणुकीत खांद्यावर आली, की सवलत संपली.

प्रश्न उरतो तो हा की, घरातील बंदूक या वर्गात बसते की नाही, हे ठरवायचे कोणी? ते काम कुटुंबाचे नव्हे, गावातील जाणत्या मंडळींचेही नव्हे आणि खरेदीला आलेल्या दलालाचे तर मुळीच नव्हे. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त हे परवाना अधिकारी असतात. त्यांच्याकडे अर्ज करून लेखी उत्तर मिळवणे, हाच सुरक्षित मार्ग आहे. तोंडी आश्वासनाला कायद्यात किंमत नाही.

अन्य देशांनी ही रेषा निराळ्या रीतीने आखली आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्याने वर्षच ठरवून टाकले. १८९८ पर्यंत बनलेले शस्त्र सर्वसाधारणपणे पुरातन. इंग्लंडने १९६८ च्या कायद्यात कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून ठेवलेल्या पुरातन शस्त्राला सूट दिली. पण गुन्हेगार जुनी पिस्तुले वापरू लागल्याचे आढळल्यावर त्या देशाला २०२१ मध्ये नवे नियम करून वर्ष, यंत्रणा आणि काडतुसांचे प्रकार नेमके सांगावे लागले. सवलतीचा गैरवापर झाला, की खऱ्या संग्राहकाच्याच पायात बेडी पडते, हा त्यातील धडा आहे.

वडील गेल्यानंतर

खरी कसोटी लागते ती परवानाधारक वडील वारल्यावर. तेरावा होतो, सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात, बँकेची खाती बदलली जातात. बंदुकीचा विचार मात्र कोणाच्या मनात येत नाही. परवाना व्यक्तीच्या नावे असतो, घराच्या नावे नसतो. तो वडिलांबरोबर संपतो आणि त्या क्षणापासून बंदूक ज्याच्या ताब्यात आहे तो, नकळत का होईना, कायद्याबाहेर जातो.

अधिनियमाच्या २१ व्या कलमाने येथे स्पष्ट मार्ग दाखवला आहे. ताबा कायदेशीर उरला नाही, की विनाविलंब शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि पावती घ्यावी. जमा करणे म्हणजे गमावणे नव्हे. वारसाला विहित मुदतीत परवाना मिळवून ते परत घेता येते किंवा पात्र व्यक्तीला विकता येते. मुदत उलटून गेली, तर मात्र शस्त्र सरकारजमा होऊ शकते. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. इतकेच नव्हे, तर धारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केल्यास किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असल्यास, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याच्या हयातीतच त्याने निवडलेल्या वारसाच्या नावे परवाना होऊ शकतो. ज्या घरात वडील हयात आहेत, त्या घराने ही तरतूद आजच वापरावी. तीन भावांत वाद होण्यापूर्वी वडिलांच्या स्वाक्षरीने निर्णय झालेला केव्हाही चांगला.

विक्रीचा मोह

जुन्या शस्त्रांना आज बाजार आहे. शहरातून येणारे खरेदीदार जुन्या वाड्यांत फिरतात, पितळी समया, सागवानी खांब आणि शस्त्रे एकाच सौद्यात मागतात. घरची अडचण असते, मुलीचे शिक्षण असते, रोख रक्कम समोर येते. अशा वेळी दोन निरनिराळे कायदे एकाच वस्तूवर लागू होतात, हे विक्रेत्याच्या ध्यानीमनी नसते.

शस्त्र अधिनियमाच्या ५ व्या कलमाप्रमाणे, स्वतःसाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र व्यापाराचा परवाना नसतानाही विकता येते. पण घेणारा ते बाळगण्यास पात्र असला पाहिजे. शिवाय परवाना लागणाऱ्या अग्निशस्त्राच्या बाबतीत जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. ‘आज रोख, आज गाडीत’ हा सौदा म्हणूनच गुन्ह्याचा सौदा असतो. शस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा खूण घासून टाकणे हाही गुन्हा आहे. चकाकी आणण्यासाठी कारागिराकडे दिलेली बंदूक खुणा गमावून परत आली, तर तिचा इतिहास जातो आणि मालकावर संशय येतो. नळी कापून आखूड करणे यालाही परवान्याशिवाय मुभा नाही.

दुसरा कायदा १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम. तो १९७६ पासून अमलात आहे. ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू होय. पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याला त्याखाली स्वतंत्र परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तसे केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आहे. घरी आलेल्या खरेदीदाराला त्याचा परवाना दाखवण्यास सांगणे, हा अविश्वास नव्हे. तो प्रत्येक कुटुंबाचा अधिकार आहे.

या नियमांमागचा हेतू समजण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, तेव्हा २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपये मोजून परत आणली. मराठी माणसाचा ऊर त्या दिवशी भरून आला. पण जे आपलेच होते ते विकत घ्यावे लागले, हे शल्यही त्यात आहे. आज एखाद्या वाड्यातून चोरवाटेने बाहेर जाणारी बंदूक उद्या परदेशातील लिलावात दिसली, तर तिच्यासाठी पुन्हा कोणी तिजोरी उघडेलच याची शाश्वती नाही.

दुसरा आदर्श पुण्यात आहे. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर गावोगावच्या जुन्या घरांतून वस्तू जमवल्या आणि तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजा दिनकर केळकर संग्रहालयात आज सामान्य माणूसही त्या वस्तू पाहू शकतो. ज्या कुटुंबाला शस्त्र सांभाळणे शक्य नाही, त्याने परवाना अधिकाऱ्यांच्या अनुमतीने ते संग्रहालयाला द्यावे. काचेमागच्या पाटीवर आजोबांचे नाव लागले, तर ते माळ्यावरच्या पेटीपेक्षा अधिक सुरक्षित राहील.

परंपरा आणि कायदा यांचा मेळ

परंपरेला कायदा मान देत नाही, अशी तक्रार काही वेळा ऐकू येते. तिला उत्तर कोडगू जिल्ह्याने दिले आहे. तेथील कोडव समाज शस्त्रपूजेचा सण साजरा करतो आणि बंदूक हा त्यांच्या संस्कारांचा भाग आहे. ब्रिटिश काळापासून चालत आलेली परवान्यातील सूट केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. ही सूट त्या समाजाने शस्त्रे लपवून मिळवलेली नाही. परंपरा उघडपणे मांडली, सरकारदरबारी नोंदवली आणि न्यायालयात सिद्ध केली, म्हणून ती टिकली.

शासनाकडूनही काही अपेक्षा आहेत. जुन्या शस्त्राची परीक्षा करण्यासाठी जिल्हा पातळीवर पुरातत्त्व जाणकार आणि शस्त्र कारागीर यांची एकत्रित व्यवस्था असावी. स्वतःहून नोंद करण्यास आलेल्या वृद्धाला आरोपीसारखी वागणूक मिळू नये. प्रामाणिक माणसाला दार उघडे दिसले, तरच तो दाराने आत येईल. अन्यथा विहिरी भरत राहतील आणि इतिहास बुडत राहील.

कुटुंबांनी मात्र शासनाची वाट पाहत थांबू नये. सर्वप्रथम बंदुकीला हात न लावता तिची छायाचित्रे काढावीत. ठासणीच्या जुन्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. म्हणून ती भरलेलीच आहे असे समजावे, मुलांना दूर ठेवावे आणि तपासणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. घरातील जुने परवाने, संस्थानी सनदा, पत्रे, फोटो एकत्र करावेत. वृद्धांना आठवत असलेली हकिकत लिहून काढावी. मग वकिलाच्या सल्ल्याने परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. बंदूक स्वतःच्या गाडीत घालून कचेरीत नेऊ नये. ती कशी आणावयाची, हे अधिकाऱ्यांनाच विचारावे.

पूर्वजांनी शस्त्र हाती धरले ते लपवण्यासाठी नव्हे. ते उजळ माथ्याने धरले होते. त्या शस्त्राला आज भिऊन फडक्यात गुंडाळून ठेवणे, हा त्याचा सन्मान नव्हे. ज्या घरात शस्त्राशेजारी त्याचा कागदही पाटावर ठेवता येईल, त्या घरची पूजा खऱ्या अर्थाने पूर्ण होईल. पुढच्या खंडेनवमीला नातवाने पुन्हा तोच प्रश्न विचारावा, आणि आजोबांनी मान खाली न घालता पेटीतून कागद काढून त्याच्या हाती द्यावा.